मिरची घरात आली, विनागर उंबऱ्यावर थांबले

चवथीच्या दिवसांत आपल्या घरांत कांदा-लसूण बंद असते, मग मिरची-विनागरच्या चटणीचा विषय स्मरणिकेत कशाला, असे कोणी विचारील. पण खतखत्याच्या वाटपात खोबऱ्याबरोबर सुकी मिरची असतेच, आणि ती देवाला चालते. लहान मुलाची दृष्ट काढायलाही आपण मीठ-मिरचीच घेतो. मिरचीला आपण घरची मानले. तिच्याबरोबर नांदणारे विनागर मात्र आपल्या स्वयंपाकघरात फारसे आले नाही. असे का झाले, हे पाहण्यासारखे आहे.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. १४९२ साली कोलंबस तिकडे पोहोचला, त्यानंतर ती युरोपात आली आणि पोर्तुगीजांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरली. २५ नोव्हेंबर १५१० रोजी अफोन्सो द अल्बुकर्कने गोवा कायमचे जिंकले. मिरची देशात पसरली ती मुख्यतः इथूनच. मुंबईकडे तिला पूर्वी 'गोवाई मिरची' म्हणत. 'मिरची' हे नावही मिऱ्यावरूनच पडले. नव्या पाहुणीला आपण जुन्या ओळखीचेच नाव दिले.

तिला जागा मिळाली त्याचे कारण साधे आहे. तोवर आपला तिखटपणा मिरी, आले आणि पिंपळी यांवर चाले. मिऱ्याचा वेल सर्वत्र होत नाही आणि त्याला भावही मोठा. मिरचीचे रोप मात्र कोणाच्याही परसात येते, चार महिन्यांत फळ देते, आणि वाळवून ठेवले की वर्षभर पुरते. गरिबाला परवडणारे तिखट प्रथमच मिळाले. मिरचीला सत्तेची वा धर्माची सीमा अडवू शकली नाही. आज नावाजलेल्या हरमल आणि खोल्याच्या मिरच्या पेडणे आणि काणकोण या नव्या काबिजादींतल्या आहेत. त्यांतले पेडणे १७८८ पर्यंत सावंतवाडीकरांकडे होते.

विनागरची गोष्ट वेगळी. पोर्तुगीज खलाशी मांस टिकवण्यासाठी ते द्राक्षाची दारू आणि लसूण यांत मुरवीत. त्या पदार्थाचे नाव 'विन्य द आल्युश', म्हणजे दारू-लसणातले. पुढे गोव्यात त्यात माडाच्या सुरेचे विनागर पडू लागले, मिरची आली, आणि त्याचे 'विंदालू' झाले. त्यातला 'आलू' बटाटा नव्हे, लसूण आहे! मासळीत भरायच्या मसाल्याचे 'रेशाद' हे नावही 'भरलेले' या अर्थाच्या पोर्तुगीज शब्दावरून आले आहे.

आपल्या घरांनी विनागर का घेतले नाही? एक कारण उघड आहे. ते सुरेपासून होते, आणि सूर म्हणजे मादक पेय. दुसरे कारण इतिहासाचे. सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, आपले देव फोंड्याकडे नेले गेले, आणि १५६० साली इन्क्विझिशन आले. १७३६ च्या फर्मानात तर बाटलेल्यांनी हिंदूंसारखा मीठ न घालता भात शिजवू नये, असेही एक कलम होते. अ. का. प्रियोळकरांनी या काळाचा अभ्यास केला आहे. जिथे भातातल्या मिठावरून माणसाचा धर्म पाहिला जाई, तिथे चुलीवरची प्रत्येक वस्तू ओळखीची खूण ठरत असे. अशा काळात विनागर 'त्यांचे' झाले असावे, असे मला वाटते.

पण त्याहून मोठे कारण मला तिसरेच दिसते. आंबटपणाची जागा आपल्याकडे रिकामी नव्हती. सोले, चिंच, बिंबले, कैरी, आंबाडे असे सारे घरात होतेच. नवी वस्तू घरात येते ती रिकाम्या जागेवर. मिरचीला जागा होती, विनागरला नव्हती.

आता मात्र चित्र बदलले आहे. आपल्याही घरांत बांगड्याला रेशाद लागतो. करायचा असेल तर शंभर ग्रॅम कमी तिखटाच्या सुक्या मिरच्यांची देठे काढून त्या विनागरमध्ये रात्रभर भिजत घालाव्यात. सकाळी वीस-पंचवीस लसणाच्या पाकळ्या, इंचभर आले, चमचाभर जिरे, दहा-बारा मिरी, पाच-सहा लवंगा, दालचिनीचा तुकडा, मीठ आणि किंचित गूळ घालून विनागरमध्येच वाटावे. पाण्याचा थेंब लागू देऊ नये. पातळ सॉस हवा असेल तर आणखी विनागर घालून गाळावे. काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत ठेवावे, तांब्या-पितळेच्या भांड्यात कधीही नको. आम्लात जंतू वाढत नाहीत, हेच यामागचे शास्त्र. अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात १८६८ पासून होणारा टॅबॅस्को सॉसही याच तत्त्वावर टिकतो. तिथे मिरची मिठात वाटून ओकच्या पिंपांत मुरवतात आणि मग विनागर घालतात.

खंत एवढीच की, बाटली घेताना आपण काय घेतो ते पाहत नाही. बाजारातली पुष्कळ विनागरे ॲसिटिक आम्लात पाणी घालून केलेली असतात. बाटलीवर बारीक अक्षरांत 'सिंथेटिक' लिहिलेले असते. खरे विनागर माडावर चढणाऱ्या रेंदेराच्या श्रमातून होते. सूर आधी आंबते, मग काही आठवडे मडक्यात राहून तिचे विनागर होते. रेंदेरांची पुढची पिढी माडावर चढायला तयार नाही. ज्या चवीला आपण तीनचारशे वर्षे उंबऱ्यावर थांबवले, तिला आत घेण्याची वेळ आली तेव्हा ती करणारेच उठून चालले आहेत.

म्हणून विसर्जन झाले, मासळीबाजार पुन्हा भरला, की रेशादासाठी बाटली घेताना रेंदेराच्या घरची मागावी. दोन पैसे जास्त पडतील, पण माडावर चढणारा एखादा तरी गावात राहील. गणपती बाप्पा मोरया!