पिशवीभर सफरचंदं

ऑक्टोबर आला की न्यू जर्सीतली मराठी मंडळी न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन खोऱ्यात सफरचंदं तोडायला निघतात. दारावर पिशवी विकत घ्यायची, ती आपल्या हातांनी भरायची आणि निघताना बागेतल्याच वायनरीत घोटभर चव घ्यायची. पण फळबागेत ही वायनरी आली कुठून?

अमेरिकेत सफरचंद हे खाण्याइतकंच पिण्याचं फळ होतं. बी पेरून वाढवलेल्या झाडाला मूळ झाडासारखं फळ येत नाही. बहुधा ते आंबट-तुरट निघतं. असं फळ आंबवून सायडर करायला उत्तम. ‘जॉनी ॲपलसीड’ म्हणून ओळखला जाणारा जॉन चॅपमन (१७७४–१८४५) ओहायो-इंडियानात बियांपासूनच रोपवाटिका लावत हिंडला. १९२० ते १९३३ ची दारूबंदी आली आणि आधीच मागे पडत चाललेलं सायडर जवळपास विस्मरणात गेलं.

१९७६ मध्ये न्यूयॉर्कने फार्म वायनरी कायदा केला. छोट्या द्राक्षबागायतदाराला आपली वाइन थेट गिऱ्हाइकाला विकणं सोपं झालं. २०१३ च्या कायद्याने सायडर करणाऱ्या शेतकऱ्यांनाही तशी वाट मिळाली. दलाल टळला, शेत टिकायला आधार झाला.

आपली पिशवी तासाभरात भरते. उरलेली बाग उतरवायला मात्र अनेक ठिकाणी जमैकाहून हंगामापुरते आलेले मजूर असतात. आपण पैसे मोजून जी मौज करतो, ती त्यांची रोजी आहे. दलाल टळला, हे हात टळलेले नाहीत.