गळक्या नळीचा इतिहास

आजचा विषय वाचून काहींना हसू आलं असेल. जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने पॉवर स्टिअरिंगच्या नळीवर काय बोलावं? पण ही नळी आमच्या आयुष्यात आली ती आमच्या जुन्या गाडीखाली पडलेल्या लालसर डागाच्या रूपाने. गॅरेजवाल्याने वाकून पाहिलं आणि सांगितलं, "सर, अख्खी रॅक बदलावी लागेल." खर्च ऐकून आम्ही घरी आलो, गाडीचा खालचा भाग पुसून काढला आणि इंजिन चालू ठेवून बॅटरीच्या उजेडात पाहत बसलो. ऑइल रॅकमधून येत नव्हतंच. वरच्या रबरी नळीच्या तोंडाशी थेंब धरत होता आणि ओघळत रॅकवर पोचत होता. गळती दिसते एकीकडे, असते दुसरीकडे. तिचा इतिहासही थोडा तसाच आहे.

सुरुवात पास्कलपासून करू. बंदिस्त द्रवावर एका जागी दाब दिला की तो सगळीकडे सारखा पोचतो, हे त्याचं प्रतिपादन त्याच्या मृत्यूनंतर १६६३ मध्ये छापलं गेलं. म्हणजे छोट्या दट्ट्यावर थोडा जोर लावून मोठ्या दट्ट्यावर प्रचंड जोर मिळवता येतो. विचार पूर्ण होता; पण त्यावर चालणाऱ्या दाबयंत्राचं पेटंट इंग्लंडमध्ये जोसेफ ब्रामाने घेतलं ते १७९५ मध्ये. मध्ये सव्वाशेहून अधिक वर्षं गेली. आणि यंत्र बनल्यावर अडचण कुठे आली? दट्ट्याच्या कडेने पाणी गळू लागलं. तिथे चामड्याची अशी कडी बसवण्यात आली, की आतला दाब वाढला की तीच जास्त घट्ट बसावी. या युक्तीचं श्रेय ब्रामाकडे काम करणाऱ्या हेन्री मॉडस्ले या कारागिराला दिलं जातं. सिद्धान्त पास्कलचा, पण तो चालता झाला एका चामड्याच्या कडीमुळे. आम्ही वर्गात पास्कल शिकवला. मॉडस्लेचं नाव मात्र कधी घेतलं नाही, हे कबूल करायला हवं.

आता थेट १९२० च्या दशकातल्या अमेरिकेत येऊ. गाड्या जड होत होत्या, टायर रुंद आणि कमी हवेचे होत होते, त्यामुळे चाक वळवताना खांदे दुखायचे. आपल्यापैकी ज्यांनी अँबॅसॅडर चालवली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागातला फ्रान्सिस डेव्हिस हा इंजिनिअर नोकरी सोडून मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थमच्या छोट्या वर्कशॉपमध्ये या प्रश्नामागे लागला. त्याची खरी कल्पना ऐकण्यासारखी आहे. दाब सतत कोंडून ठेवला की प्रत्येक सांधा सतत गळायला बघणार. म्हणून त्याने झडप उघडीच ठेवली. एरवी ऑइल निवांत फिरत राहतं. चाक वळवलं की वाट अरुंद होते आणि तेवढ्यापुरता दाब चढतो. गळतीशी कुस्ती खेळण्याऐवजी तिला संधीच कमी द्यायची! १९२६ मध्ये ही यंत्रणा बसवलेली गाडी त्याने डेट्रॉइटला नेऊन दाखवली. जनरल मोटर्सने करार केला; पण मंदी आली, खर्च परवडेना आणि १९३४ मध्ये हात आखडला. युद्धकाळात जड लष्करी वाहनांवर ही यंत्रणा वापरली गेली. सर्वसामान्य ग्राहकाला ती मिळाली १९५१ मध्ये, क्रायस्लरच्या इम्पीरियल गाडीत, आणि तीही डेव्हिसच्या मुदत संपलेल्या पेटंटांच्या आधारे.

या पंचवीस वर्षांत पडद्याआड आणखी एक गोष्ट घडली. नैसर्गिक रबर खनिज तेलात फुगतं आणि मऊ पडतं. तेलाला टिकणारं निओप्रीन आणि नायट्राइल रबर १९३० च्या दशकात आलं. घरोघरच्या गाडीत वर्षानुवर्षं टिकणारी नळी त्याशिवाय शक्य झाली नसती, असा आमचा तर्क आहे.

आता परत आमच्या गाडीखाली येऊ. या यंत्रणेत नळ्या दोन. टायरमध्ये आपण ३०-३५ पीएसआय हवा भरतो. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की पंपाकडून रॅककडे जाणाऱ्या नळीतला दाब १,००० च्या वर जातो. तिच्या टोकांना धातूचे जोड दाबून बसवलेले असतात; ती तयारच आणायची, घरी जुगाड करायचा नाही. आणि चालू इंजिनवर तिची गळती बोटाने चाचपायची तर मुळीच नाही. बारीक धार कातडी भेदून आत जाते. दुसरी परतीची नळी, कमी दाबाची, क्लिपने आवळलेली. आमची गळत होती ती हीच. इंजिन गार होऊ दिलं, टाकीतलं ऑइल मोठ्या सिरिंजने काढलं, खाली परात ठेवली, क्लिप सैल केली. तेलाला चालणारी त्याच मापाची नळी, नव्या क्लिपा, गरम सायलेन्सरच्या पाइपापासून दूर. मग गाडीच्या पुस्तकात सांगितलेलंच ऑइल भरून, पुढची चाकं स्टँडवर उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल भरत राहिलो, मगच इंजिन चालू केलं. सकाळ गेली, रॅक वाचली.

हे सगळं आता मागे पडतंय. नव्या छोट्या गाड्यांत बहुतेक इलेक्ट्रिक मोटर स्टिअरिंगला मदत करते. पंप नाही, ऑइल नाही, नळी नाही, म्हणून डागही नाही. इंधन वाचतं, तक्रार करण्यासारखं काही नाही. पण बिघाड झाला तर डोळ्यांना दिसत नाही. तो संगणक सांगतो आणि संगणक वाचणारा सांगतो. त्याने "अख्खी रॅक बदला" म्हटलं, तर वाकून पाहायला खाली काहीच नसेल.

आम्हाला वाटतं, प्रश्न नळीचा नाही. जी वस्तू आपण रोज वापरतो तिच्याबद्दल "थांबा, आधी मी बघतो" असं म्हणण्याची सोय आपल्याकडे किती उरली, हा आहे. प्रत्येकाने पाना हातात घ्यावा असं आमचं म्हणणं नाही. पण पुढच्या वेळी गाडीखाली डाग दिसला, तर पैसे मोजण्याआधी एकदा खाली वाकून, थेंब कुठून येतो ते वरपर्यंत शोधा.