शालेय संशोधन प्रकल्प
शालेय संशोधन प्रकल्प : माध्यमिक शाळेतील मुलांनी स्वतः निवडलेल्या प्रश्नावर निरीक्षण, मोजणी किंवा प्रयोग करून आपल्या शब्दांत मांडलेला अभ्यास. विज्ञान प्रदर्शनातील प्रतिकृतीहून हा प्रकार वेगळा. फिरती पवनचक्की ही प्रतिकृती. आपल्या गावात ती वर्षाचे किती दिवस फिरेल, हे वाऱ्याच्या नोंदींवरून काढणे हा प्रकल्प. शाळेत मात्र दोन्हींना ‘प्रोजेक्ट’च म्हणतात, आणि दुकानातून आणलेली चित्रे चिकटवलेल्या वहीलाही तोच शब्द लागतो. प्रस्तुत नोंद मुख्यतः भारतातील, त्यातही पाण्याशी संबंधित प्रकल्पांपुरती आहे.

इतिहास : देशभर पसरलेला सर्वांत मोठा उपक्रम म्हणजे राष्ट्रीय बालविज्ञान परिषद. ग्वाल्हेरमधील विज्ञान केंद्राने सुरू केलेली ही कल्पना १९९३ पासून केंद्र सरकारच्या राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान संचार परिषदेच्या पाठबळावर राष्ट्रीय पातळीवर आली. १० ते १७ वर्षे वयाची मुले गटाने, शिक्षक किंवा अन्य मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली भाग घेतात. जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशा फेऱ्या होतात. एक मुख्य विषय साधारण दोन वर्षे चालतो : २००४-०५ मध्ये जलसंपदा, २००६-०७ मध्ये जैवविविधता, २०१०-११ मध्ये भूसंपदा, २०१२-१३ मध्ये ऊर्जा, २०१४-१५ मध्ये हवामान. शाळेत न जाणाऱ्या मुलांनाही यात प्रवेश आहे, ही बाब सहसा कोणी सांगत नाही. महाराष्ट्रात समन्वयाचे काम ठाण्याच्या जिज्ञासा ट्रस्टने पाहिले. २०१६ चे राष्ट्रीय अधिवेशन बारामतीला झाले.

बालविज्ञान परिषदेच्याही आधीपासून, म्हणजे १९८१ पासून, मुंबईतील विज्ञान शिक्षकांची संघटना डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा घेत आली आहे. ती सहावी व नववीसाठी असून लेखी व प्रात्यक्षिक परीक्षेनंतरच्या टप्प्यावर कृतिसंशोधन प्रकल्प असतो. पालकांत ही स्पर्धा लेखी परीक्षेसाठी अधिक ओळखली जाते.



पद्धती : प्रश्न लहान, स्थानिक आणि मोजता येण्याजोगा असावा लागतो. ‘जलप्रदूषण : कारणे व उपाय’ हा प्रश्न नव्हे, निबंधाचा विषय आहे. ‘आमच्या वाडीतील चार विहिरींची पातळी नोव्हेंबर ते मे किती उतरते?’ हा प्रश्न.

हेच उदाहरण पुढे नेता येते. विहिरीच्या कठड्यावर रंगाने खूण करायची आणि वजन बांधलेली फीत नेहमी त्याच खुणेवरून सोडायची. सुती दोरी भिजली की आखडते, म्हणून ती टाळावी. पाण्यापर्यंतच्या अंतरातून कठड्याची उंची वजा केली की जमिनीपासूनची खोली मिळते. सोबत मोठे माणूस हवेच. नोंदवहीत तारीख, वेळ आणि खोली यांच्याबरोबर चौथा रकाना लागतो : मोटर चालू होती का, शेवटची कधी बंद झाली. बहुतेक वह्यांत नेमका हाच रकाना नसतो. शेतीपंपांना वीज अनेक ठिकाणी पाळीपाळीने दिवसा आणि रात्री मिळते. त्यामुळे रोज सकाळी सातला घेतलेली पातळी रात्री वीज असलेल्या आठवड्यात खाली, तर पुढच्यात वर दिसू शकते. पाऊस नाही, तरी आलेख करवतीच्या दात्यांसारखा. चौथा रकाना असेल तर मुलांना इथेच खरा शोध लागतो. नसेल तर ‘मोजताना चूक झाली’ असे समजून ते आकडे खोडले जातात. खोडलेला आकडा एका रेघेने, वाचता येईल असा खोडावा, व्हाइटनर नको.

पाण्याच्या शुद्धतेसाठी शाळांत हायड्रोजन सल्फाइड बाटली वापरतात. ही सोपी चाचणी १९८२ मध्ये ग्वाल्हेरच्याच संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतील शास्त्रज्ञांनी मांडली. बाटलीत पाणी भरून ती उबदार जागी ठेवली आणि एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले, तर विष्ठेतून आलेले जिवाणू असण्याची शक्यता असते. ‘शक्यता’ हा शब्द प्रकल्प-अहवालांतून हमखास गळतो. चाचणी जिवाणूंची संख्या सांगत नाही, आणि काळा रंग देणारे काही जिवाणू विष्ठेशी संबंध नसलेलेही असतात. शिवाय उकळून गार केलेल्या पाण्याची एक बाटली तुलनेसाठी न ठेवता काढलेला निष्कर्ष धरू नये. वापरलेल्या बाटल्या जंतुनाशक टाकूनच रिकाम्या कराव्यात.

गढूळपणासाठी सेकी तबकडी पुरते : ती पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी होते ती खोली मोजायची. आंजेलो सेकी या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने १८६५ मध्ये ती समुद्रात वापरली. तळ्यांसाठी तिचा व्यास २० सेंमी. असतो. स्टीलच्या ताटलीवर काळे-पांढरे चतकोर रंगवून ती घरी होते.



मांडणी व मूल्यमापन : बालविज्ञान परिषदेत लेखी अहवाल, भित्तितक्ते आणि काही मिनिटांचे तोंडी सादरीकरण असते, मूळ नोंदवही परीक्षकांपुढे ठेवावी लागते. अनुभवी परीक्षक आधी वही उघडतात. सगळी पाने एकाच शाईत, एकाच वळणाच्या अक्षरात असतील तर पुढचे प्रश्न वेगळे होतात. मोठ्यांची मदत कितपत चालावी, याबद्दल शिक्षकांत एकमत नाही. काहींच्या मते मार्गदर्शकाने फक्त प्रश्न विचारावेत, तर उपकरण हाताळायला शिकवणे हेही मार्गदर्शनच, असे इतरांचे म्हणणे. प्रकल्पाला मिळणाऱ्या गुणांमुळे तो ‘करून घेतला’ जातो, ही तक्रार जुनी आहे.

अन्य देश : अमेरिकेत सायन्स टॅलेंट सर्च ही स्पर्धा १९४२ मध्ये आणि आजच्या आंतरराष्ट्रीय विज्ञान व अभियांत्रिकी मेळ्याची सुरुवात १९५० मध्ये झाली. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट अभ्यासक्रमात ४,००० शब्दांपर्यंतचा स्वतंत्र निबंध सक्तीचा आहे.

परिभाषा : मराठी माध्यमाच्या मुलांना बीजगणितामुळे ‘चल’ हा शब्द ठाऊक असतो, पण विहिरीपाशी तो कोणी वापरत नाही, ‘बदलणारी गोष्ट’ आणि ‘तशीच ठेवलेली गोष्ट’ असे म्हणतात. ‘कंट्रोल’ला ‘नियंत्रण’ हा प्रतिशब्द अहवालांत दिसतो. त्याने ताबा ठेवण्याचा अर्थ मनात येतो. वरील उकळलेल्या पाण्याच्या बाटलीला ‘तुलनेची बाटली’ म्हणणे अधिक नेमके.