जाड अक्षरांची गोष्ट: लॉटरीच्या जाहिरातीपासून फोनच्या स्क्रीनपर्यंत

आजचा विषय आहे 'फॅट फेस'. नाव ऐकलं नसेल, पण ही अक्षरं तुम्ही नक्की पाहिली आहेत. उभ्या रेघा खांबासारख्या जाड, आडव्या रेघा केसासारख्या बारीक आणि टोकांना छोट्या सपाट पट्ट्या. या पट्ट्यांना सेरिफ म्हणतात आणि जाड-बारीक रेघांमधल्या फरकाला कॉन्ट्रास्ट. फॅट फेसमध्ये हा कॉन्ट्रास्ट पार टोकाला नेलेला असतो.

आता असं अक्षर कुणाला सुचलं आणि का? त्यासाठी आधी कागदाकडे बघावं लागेल.

अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत युरोपातला छपाईचा कागद बऱ्यापैकी खडबडीत होता. कागद ओला करून, जोर लावून छापायचं, त्यात शाई थोडी पसरायचीच. म्हणजे कारागिरानं कितीही नाजूक रेघ कोरली तरी कागदावर ती तशी उतरत नव्हती. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिलनं या अडचणीला सगळ्या बाजूंनी हात घातला. गुळगुळीत कागद घेतला, शाई जास्त काळी केली आणि छापलेले कागद गरम तांब्याच्या पत्र्यांमध्ये दाबले. 1757 मध्ये त्यानं छापलेलं व्हर्जिलचं पुस्तक युरोपभर गाजलं.

मग ही वाट दोघांनी पुढे नेली. पॅरिसमध्ये फर्मिन दिदो आणि इटलीतल्या पार्मा शहरात जांबातिस्ता बोदोनी. बोदोनी तरुणपणी रोममध्ये चर्चच्या प्रोपागांडा फिदे छापखान्यात कामाला होता, तिथे पूर्वेकडच्या लिप्यांचे खिळेही असायचे. आपल्यासाठी गंमत अशी की, तो तिथून गेल्यावर काही वर्षांनी, 1778 मध्ये, याच छापखान्यातून पोर्तुगीज भाषेत लिहिलेलं मराठीचं व्याकरण छापून बाहेर पडलं!

बोदोनी 1768 मध्ये पार्माच्या ड्यूकच्या छापखान्याचा प्रमुख झाला. मोठी पानं, भरपूर मोकळी जागा, मोजक्या ओळी आणि कडक जाड-बारीक अक्षरं, अशी त्याची पुस्तकं. ती घेणारा वर्ग राजेरजवाडे आणि शौकीन श्रीमंतांचा. तो 1813 मध्ये गेला. त्याच्या अक्षरांचा दोन खंडांचा नमुनाग्रंथ 1818 मध्ये त्याच्या बायकोनं, मार्गेरितानं, प्रसिद्ध केला.

इथवर हे अक्षर दरबारी होतं. ते रस्त्यावर आणलं लंडननं.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनच्या भिंतींवर जाहिरातींची गर्दी व्हायला लागली. नाटकं, दुकानं आणि सरकारी लॉटरी. पण छापखान्यांकडे खिळे होते ते मुळात पुस्तकांसाठी घडवलेले. पुस्तक आपण हातात धरून वाचतो, भिंतीवरचा कागद चालता चालता. मग खिळे ओतणाऱ्या कारखानदारांनी तेच दरबारी अक्षर घेतलं, बारीक रेघा तशाच ठेवल्या आणि जाड रेघा फुगवत नेल्या. याचं श्रेय बहुतेक वेळा रॉबर्ट थॉर्न या लंडनच्या कारखानदाराला दिलं जातं. अगदी जाहिरातीसाठीच जन्मलेलं असं हे पहिल्या काही अक्षरवळणांपैकी एक.

जाणकारांना हे अजिबात रुचलं नाही. टॉमस हॅन्सर्ड या मुद्रकानं 1825 च्या आपल्या ग्रंथात या जाड अक्षरांवर सडकून टीका केली. पण बाजारानं ऐकलं नाही. पुढच्याच वर्षी, 1826 मध्ये, सरकारी लॉटरी बंद झाली, तरी अक्षरं राहिली. शिशाचे मोठे खिळे जड आणि महाग पडायचे. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सनं 1827 च्या सुमारास लाकडी अक्षरं यंत्रानं झपाट्यानं कापायची पद्धत काढली आणि पोस्टरवरची अक्षरं आणखी मोठी झाली.

आता येऊ आपल्या फोनवर. 2014 मध्ये इंडियन टाइप फाउंड्रीनं 'रोझा वन' नावाचा फॉन्ट मोफत उपलब्ध करून दिला. रोमन अक्षरं टिम डोनाल्डसन यांची, देवनागरी ज्योतिष सोनोवाल यांची. रोमन भाग सरळ फॅट फेस आहे. पण देवनागरीला तोच नियम लावला असता, म्हणजे उभी रेघ जाड आणि आडवी बारीक, तर शिरोरेषा केसासारखी झाली असती. आपल्या अक्षरातलं जाड-बारीक येतं बोरूच्या तिरक्या कापातून, आणि तो काप रोमन लेखणीच्या उलट्या बाजूचा. म्हणून रोझा वनमध्ये देवनागरीची ठेवण पारंपरिकच आहे. जुळवलंय ते वजन. दोन्ही लिप्या शेजारी ठेवल्या तर कुणीच कुणाला दाबत नाही.

आणि इथे एक साधं गणित. समजा अक्षर 16 पिक्सेलचं आहे आणि बारीक रेघ त्याच्या पन्नासाव्या भागाइतकी. म्हणजे 0.32 पिक्सेल. तिप्पट घनतेच्या चांगल्या स्क्रीनवरसुद्धा जेमतेम एक ठिपका. साध्या स्क्रीनवर ती रेघ करडी होऊन विरते आणि उरतात नुसते काळे ठोकळे. बास्करव्हिलला कागदानं जो त्रास दिला, तोच आपल्याला पिक्सेल देतो.

तेव्हा पोस्टर, थंबनेल किंवा लग्नपत्रिका करताना असा फॉन्ट नावासाठी, मथळ्यासाठी वापरा. दोन-चार शब्द, चांगले मोठे, आजूबाजूला मोकळी जागा. पत्ता, वेळ, फोन नंबर मात्र साध्या, सारख्या जाडीच्या अक्षरात टाका, नाहीतर पाहुणे हॉल शोधत बसतील.

आजच्यापुरतं एवढंच. येताजाता एखादी जुनी पाटी दिसली तर तिची सगळ्यात बारीक रेघ शोधा आणि फोटो आम्हाला पाठवा. भेटू पुढच्या भागात!