लुटीपलीकडची सुरत

सुरत हे नाव मराठी माणसाच्या कानी पडते ते बहुधा एकाच क्रियापदासह. शालेय पाठ्यपुस्तकांनी ‘सुरत’ आणि ‘लुटली’ हे दोन शब्द आपल्या मनात असे जखडून ठेवले आहेत, की एक उच्चारला की दुसरा आपोआप ओठांवर येतो. पिढ्यान्‌पिढ्या या शहरात नांदणाऱ्या आपल्या कुटुंबांची यातून मोठी विलक्षण अवस्था होते. पुण्या-नाशिककडचे आप्त आपल्याला थट्टेने लुटलेल्या गावचे म्हणतात, तर इथले शेजारी तितक्याच थट्टेने लुटणाऱ्यांच्या गोतातले. थट्टा दोन्हीकडची निर्मळ असते, यात शंका नाही. पण तीच थट्टा शाळकरी नातवंडांच्या मनात प्रश्न होऊन बसते: या गोष्टीत आपण नेमके कोणाकडचे?

ह्या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांत शोधता येईलच. परंतु ते शहरातील आणि शहराभोवतीच्या काही मोकळ्या जागांवरही विखुरलेले आहे. तापीकाठचा किल्ला, चौकबाजार, डुमसचा किनारा ही ठिकाणे सर्वांच्या पायाखालची. मी म्हणतो त्या जागांकडे मात्र आपले पाय सहसा वळत नाहीत.

पहिली जागा आज नावापुरतीच उरली आहे. जानेवारी १६६४मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले, तेव्हा त्यांचा तळ शहरात नव्हता; बुऱ्हाणपूर दरवाज्याबाहेर थोड्या अंतरावर एका बागेत होता. आजची बुऱ्हाणपुरी भागळ हे नाव त्याच दिशेची खूण सांगते. महसूल खात्यात आयुष्य घालवल्याने एक गोष्ट मी शिकलो आहे. जमिनीचा धनी बदलतो, वापर बदलतो, पण लोकांच्या तोंडी बसलेले नाव सहजासहजी बदलत नाही. दुकानांच्या आणि वाहनांच्या त्या गर्दीत बाग शोधू नये. पण तिथून किल्ल्यापर्यंत चालत जावे, म्हणजे त्या काळचे शहर किती आटोपशीर होते आणि किल्ल्यात दडून बसलेला सुभेदार इनायतखान आपल्या रयतेपासून किती जवळ व तरीही किती दूर होता, हे ध्यानात येते.

मोहिमेमागचे कारण आपण जाणतोच. शाहिस्तेखानाने १६६० ते १६६३ अशी तीन वर्षे पुणे प्रांत तुडवला होता. स्वराज्याची तिजोरी रिती झाली होती. ती भरपाई मोगलांच्या सर्वांत श्रीमंत बंदरातून वसूल करायची, असा तो रोखठोक हिशेब होता. विरजी व्होरा आणि हाजी जाहीद बेग यांच्यासारख्या धनाढ्यांच्या पेढ्या ह्या हिशेबात सापडल्या. कॅपुचिन पाद्र्यांच्या मठाला मात्र धक्का लागला नाही आणि दानधर्माबद्दल प्रसिद्ध असलेल्या एका दिवंगत डच दलालाचे घरही वगळले गेले, असे फ्रेंच प्रवासी बर्निए नोंदवतो. त्याच वेळी हेही विसरता येत नाही, की शहराचा मोठा भाग आगीत भस्मसात झाला. तहाच्या बोलण्याच्या मिषाने इनायतखानाने पाठवलेल्या तरुणाने महाराजांवर खंजीर उगारला. त्यानंतर छावणीतील काही कैद्यांना देहदंड झाला, काहींचे हात तोडले गेले. अँटनी स्मिथ नावाचा इंग्रज तेव्हा छावणीत कैदेत होता. त्याची साक्ष इंग्रज वखारीच्या कागदांत नमूद आहे. गौरव सांगताना ही बाजू गाळली, तर तो इतिहास राहत नाही.

त्या वेळी शहराभोवती मातीचा तट होता. तो कुचकामी ठरल्यावर औरंगजेबाच्या आज्ञेने विटांची तटबंदी उभी राहिली आणि अठराव्या शतकाच्या आरंभी तिच्याबाहेर दुसरी. आज रिक्षावाला ‘दिल्ली दरवाजा’, ‘सहारा दरवाजा’, ‘लाल दरवाजा’ अशी हाक देतो, तेव्हा नकळत तो त्या भयाचाच वारसा उच्चारत असतो.

दुसरी जागा कतारगाम दरवाज्याजवळची जुनी इंग्रज दफनभूमी. भोवती दाट वस्ती, आणि मध्ये भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालील घुमटांची ही शांत जागा. सर्वांत भव्य वास्तू ऑक्झेंडन बंधूंची, दुमजली आणि घुमटाची. धाकटा ख्रिस्तोफर १६५९मध्ये वारला. थोरला सर जॉर्ज १६६९मध्ये. १६६४मध्ये इंग्रज वखारीचा अध्यक्ष असलेला आणि मूठभर माणसांनिशी वखार राखणारा तो हाच जॉर्ज ऑक्झेंडन. त्याबद्दल कंपनीने त्याला सुवर्णपदक दिले आणि औरंगजेबाने व्यापाऱ्यांना एका वर्षाची जकात माफ केली. पुढे १६७४मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला नजराणा घेऊन गेलेला हेन्री ऑक्झेंडन त्याच घराण्यातला. ज्याच्याशी काल लढलो, त्याच्या दरबारी आज मुजरा करायचा, हा व्यापाऱ्यांचा व्यवहार दहा वर्षांत कसा पालटला, हे त्या घुमटाखाली उभे राहून नातवंडांना सांगावे. वास्तूची धाटणी पाहावी: आत ख्रिस्ती मृतदेह, बाहेर कमानी आणि घुमट मुसलमानी पद्धतीचे. सुरतेने परक्यालाही आपल्या वेशात पुरले.

तेथून जवळच तिसरी जागा, डच आणि आर्मेनियन दफनभूमी. इंग्रजांच्या घुमटाला मागे टाकण्यासाठी डचांनी येथे त्याहून थोरली वास्तू बांधली, असे सांगतात. ती बॅरन हेन्ड्रिक आद्रियान व्हॅन रीड याची. मलबारचा हा माजी डच गव्हर्नर डिसेंबर १६९१मध्ये सुरतेकडे येताना मुंबईजवळ समुद्रात वारला. त्याचे खरे स्मारक म्हणजे ‘होर्तुस मलबारिकुस’ हा मलबारच्या वनस्पतींचा बारा खंडांचा ग्रंथ. १६७८मध्ये अॅम्स्टरडॅम येथे निघालेल्या त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोकणी वैद्यांचे प्रशस्तिपत्र नागरी अक्षरांत छापले आहे. युरोपात नागरी लिपी छापली गेल्याचा हा अगदी आरंभीचा नमुना. आपली बाळबोध अक्षरे ज्याने इतक्या लवकर छापखान्यात नेली, तो मनुष्य आपल्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर चिरनिद्रा घेत आहे आणि आपल्यापैकी कित्येकांनी त्याची कबर पाहिलेलीही नाही!

चौथी जागा शहराबाहेर, तापीच्या मुखाच्या उत्तरेस: सुवाळीचा किनारा. हजिऱ्याचे कारखाने आणि बंदर ओलांडून गेल्यावर गढूळ पाणी, ओली वाळू आणि खंभातच्या आखाताची दूरवर मागे हटणारी ओहोटी दिसते. देखण्या किनाऱ्यांत याची गणना होणार नाही. पण मोठी जहाजे गाळामुळे नदीतून वर येऊ शकत नसत. ती येथेच नांगर टाकीत. १६१२च्या अखेरीस कॅप्टन थॉमस बेस्टने येथे पोर्तुगीजांच्या जहाजांना मागे रेटले आणि लगेच १६१३मध्ये इंग्रजांना वखारीची मोगली परवानगी पक्की झाली. १६१५मध्ये जहांगीराकडे जाणारा वकील सर थॉमस रो येथेच उतरला. ऑक्टोबर १६७०मध्ये महाराज दुसऱ्यांदा सुरतेवर आले, तेव्हा इंग्रजांचा अध्यक्ष जेरल्ड आँजियर ह्याच सुवाळीला होता. शहरातील वखार स्ट्रेनशॅम मास्टरने लढवली. तोच आँजियर मुंबईचा गव्हर्नर म्हणून त्या बेटाची घडी बसवत होता. १६८७मध्ये कंपनीने आपले मुख्य ठाणे सुरतेहून मुंबईस हलवले. मुंबईच्या भाग्योदयाची एक मुळी ह्या ओल्या वाळूत आहे. येथे जाताना भरतीची वेळ विचारून जावे. पाणी फार झपाट्याने चढते.

पाचवी जागा तापीकाठची फ्रेंच गार्डन. नागपूरला भरावयाचे काँग्रेसचे अधिवेशन १९०७मध्ये सुरतेस हलवले गेले आणि ह्या बागेतील मंडपात डॉ. रासबिहारी घोष यांच्या अध्यक्षतेखाली २६ डिसेंबरला सुरू झाले. पहिला दिवस गोंधळात गेला. दुसऱ्या दिवशी लोकमान्य टिळक उपसूचना मांडण्यास उठले आणि मंचावरून हटेनात. तोच गर्दीतून एक दक्षिणी जोडा भिरभिरत आला आणि सुरेंद्रनाथ बॅनर्जी व फिरोजशहा मेहता यांना लागला. मग खुर्च्या आणि काठ्या चालल्या, पोलिसांनी मंडप रिकामा केला आणि काँग्रेस दुभंगली, ती १९१६ साली लखनौला पुन्हा सांधली गेली.

त्या दिवशी दोन्ही पक्षांत आपलीच माणसे होती. जहालांचे नेते टिळक, मवाळांच्या आघाडीवर गोखले. हजर असलेला इंग्रज पत्रकार नेव्हिन्सन लिहितो, की टिळकांवर लोक धावून येऊ लागले, तेव्हा गोखले दोन्ही हात पसरून आपल्या ह्या जुन्या प्रतिस्पर्ध्याच्या रक्षणासाठी उभे राहिले.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर मला त्या पसरलेल्या हातांत दिसते. आपण महाराजांच्या मुलखातून आलो, ह्याचा अभिमान आपल्याला जरूर असावा. तो कोणी मागून घेऊ शकत नाही. पण १६६४मध्ये जळालेली घरे ज्या सुरतेची होती, त्याच सुरतेचे आपण आज नागरिक आहोत. ऑगस्ट २००६मध्ये तापी घराघरांत शिरली, तेव्हा पाण्याने मराठी आणि गुजराती उंबरे वेगळे मोजले नाहीत. माळ्यावर अडकलेल्यांना दूध आणि भाकरी पोहोचवणाऱ्या हातांनीही नाही. लुटणारे आणि लुटले गेलेले, दोघांचाही इतिहास आता आपलाच आहे, आणि दोघांच्याही बाजूने खरे बोलण्याची जबाबदारी इतर कोणाहून अधिक आपली.

म्हणून एक सूचना मांडतो. थंडीत पोंक बाजारात येतो, त्या दिवसांत ऊन कोवळे असते. अशा एखाद्या रविवारी सकाळी मंडळाच्या सभासदांनी नातवंडांसह कतारगाम दरवाज्याजवळ जमावे, दोन्ही दफनभूमी पाहाव्यात आणि तेथून बुऱ्हाणपुरी भागळीपर्यंत पायी यावे. सुवाळीसाठी दुसरा रविवार ठेवावा. शेजारच्या गुजराती कुटुंबांनाही बोलवावे; कथेचा अर्धा भाग त्यांच्या घरांतून आलेला आहे.