मनूनं एकाच ओळीत बसवलेली माणसं

सुरुवात माझ्याच चुकीपासून करतो.

काही वर्षांमागं घरकुलाच्या प्रश्नावर आम्ही ढाणकीहून तालुक्याला मोर्चा नेला होता. निळे झेंडे होते, बाया पुढं होत्या, पोरं मागं. साहेब निवेदन घ्यायला खाली येईना. डोकं तापलं. कोणीतरी ताटात बांगड्या आणून ठेवल्या. माइक माझ्या हातात होता. मी घोषणा दिली, साहेबाला आणि सरकारला हिजडा म्हणणारी. पोरांनी ती उचलून धरली. पंजे पसरून टाळ्या पिटल्या, हशा झाला. साहेब खाली आला, निवेदन घेतलं. मोर्चा जिंकला असं समजून आम्ही स्टँडवर आलो.

तिथं एक जण भेटली. आमच्याच बौद्धपुऱ्यात जन्मलेलं लेकरू. पोरगा म्हणून जन्मली, पंधराव्या-सोळाव्या वर्षी घरच्या मारापायी पळाली, पैनगंगेच्या पल्याड एका गुरूच्या पायाशी पडली. आता बाजाराच्या दिवशी दुकानादुकानातून टाळी वाजवून पैसे मागते. ती म्हणाली, "दादा, सायबाले शिवी द्याची होती त द्या ना. तिच्यात आमचं नाव काहून घातलं? मी त मोर्चात येणार होतो तुमच्यासंगं."

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. ज्या चळवळीनं मला, 'तुझ्या जातीचं नाव ही शिवी नाही' असं शिकवलं, त्याच चळवळीच्या माइकवरून मी दुसऱ्या माणसाचं नाव शिवी म्हणून वापरलं होतं. तेव्हापासून वाचायला लागलो. जे हाती लागलं ते तुमच्यापुढं मांडतो. दोस्तांनो, हा इतिहास कोण्या दुसऱ्याचा नाही. त्याची पानं आपल्या पानांना चिकटलेली आहेत.

१

२५ डिसेंबर १९२७ ला महाडात बाबासाहेबांच्या पुढाकारानं मनुस्मृती जाळली. का जाळली हे आपल्याला पाठ आहे. पण त्या पोथीत आणखी कोण कोण जळत होतं हे आपण कधी मोजलं नाही.

तिसऱ्या अध्यायात श्राद्धाच्या जेवणाचे नियम आहेत. ब्राह्मण जेवत असताना त्यांच्यावर कोणाची नजर पडू नये याची तिथं यादी आहे. चांडाळ, गावडुक्कर, कोंबडा, कुत्रा, विटाळशी बाई आणि षंढ. एकाच श्लोकात. आपला बाप, आपली माय आणि ही बाजारात टाळी वाजवणारी, तिघांना मनूनं कुत्र्या-डुकरांच्या पंगतीत बसवलं. नवव्या अध्यायात पुन्हा तो येतो. बापाच्या इस्टेटीत वाटा कोणाला नाही? क्लीबाला नाही, पतिताला नाही, जन्मांध आणि बहिऱ्याला नाही. म्हणजे नजरेनंही विटाळ आणि पोटालाही चिमटा. अस्पृश्यता आणखी कशाला म्हणतात?

आता कोणी म्हणेल, महाभारतात शिखंडी आहे, अर्जुनाची बृहन्नडा आहे, देवळात अर्धनारीश्वर आहे, म्हणजे आपल्या संस्कृतीत यांना मान होता. बावा, देवळात दगडाचा मान आणि दारात माणसाला हाकलणं हे दोन्ही एका टायमाला चालू शकतं. आपल्यापेक्षा हे कोणाला जास्त माहीत आहे? गाईला माता म्हणणारा गाव मेलेली गाय ओढायला आपल्यालाच बोलवत होता.

२

आता वतनाची गोष्ट ऐका.

पेशवाईत दख्खनच्या मुलखात हिजड्यांना काही ठिकाणी सरकारमान्य हक्क होते. कोणाला जमिनीचा तुकडा, कोणाला रोख नेमणूक, आणि ठरलेल्या गावांतून पैसा, धान्य मागायचा हक्क. सनदा होत्या. गुरू मेला की हक्क चेल्याकडं जायचा. पेशवाई बुडाली आणि इंग्रजांचा अंमल आला, तेव्हा कलेक्टरांपुढं हे कागद येऊ लागले. असल्या लोकांना सरकारनं हक्क कसले द्यायचे, असा प्रश्न निघाला. मागायचा हक्क सरकार राबवून देणार नाही असं ठरलं. जमिनी आणि नेमणुका इनामांच्या चौकशीत सापडल्या. दोन कारणं होती. एक, साहेबाला लाज वाटत होती. दुसरं, साहेबाला पैसा वाचवायचा होता.

हे वाचताना मला महारवतन आठवलं. आपल्या पूर्वजांनाही हक्क होताच ना? भाकरी मागायचा हक्क, मढ्यावरच्या कापडाचा हक्क, मेल्या ढोराचा हक्क. सनद दाखवून अभिमान सांगणारे म्हातारे आपल्यातही होते. बाबासाहेबांनी ओळखलं की हा हक्क म्हणजे गळ्यातला साखळदंड आहे. १९२८ साली त्यांनी मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचं बिल आणलं. शेवटी महारवतन खालसा झालं ते १९५८ च्या कायद्यानं.

पण दोन्ही वतनांत एक फरक आहे. आपलं वतन तुटलं तेव्हा मागं चळवळ उभी होती. शाळा, बोर्डिंग, राखीव जागा होत्या. वतन सोडा आणि शिका असं सांगणारा बाप होता. हिजड्यांचं वतन तुटलं तेव्हा मागं कोणीच नव्हतं. हक्क गेला, मागणं तेवढं राहिलं. मग १९५९ चा मुंबई भिक्षा प्रतिबंध कायदा आला आणि गाऊन-नाचून मागणं हासुद्धा गुन्हा झाला. आधी मागायला लावायचं, मग मागतो म्हणून पकडायचं. ही व्यवस्थेची जुनी रीत आहे.

३

१८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा आपल्या कार्यकर्त्यांना माहीत आहे. फासेपारध्यांच्या बेड्यावर पोलिसांची धाड पडते तेव्हा आपण त्याच कायद्याचं नाव घेतो. पण त्याला दुसरा भाग होता, तो आपण वाचत नाही. तो हिजड्यांसाठी होता.

काय होतं त्यात? ज्यांच्यावर मुलं पळवण्याचा, खच्ची करण्याचा किंवा ३७७ कलमाखालच्या गुन्ह्याचा संशय आहे त्यांची नावं रजिस्टरात चढवायची. रजिस्टरात चढलेल्यानं बाईचे कपडे घालून, दागिने लेवून रस्त्यावर दिसायचं नाही. गायचं-नाचायचं नाही. सोळा वर्षांखालचा मुलगा जवळ ठेवायचा नाही. मोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद. आणखी एक कलम होतं. त्यानं मृत्युपत्र करायचं नाही, कोणाला बक्षीसपत्र द्यायचं नाही, दत्तक घ्यायचं नाही. हे कलम नीट समजून घ्या. ज्यांना पोटचं लेकरू नाही, त्यांचा वंश गुरूकडून चेल्याकडं चालतो. तो वंश कागदावर तोडून टाकला. मनूनं बापाचा वाटा काढून घेतला होता, इंग्रजांनी गुरूचा काढून घेतला.

हा भाग आधी उत्तरेकडच्या प्रांतांत लागू झाला. पण झळ इकडंही होती. आपल्या ढाणकीचा नकाशा डोळ्यापुढं आणा. पैनगंगेच्या अल्याड वऱ्हाड, १८५३ पासून इंग्रजांच्या ताब्यात. पल्याड हदगाव, किनवट, सगळी निजामशाही. निजामाच्या राज्यात १३२९ फसलीत, म्हणजे १९१९ च्या सुमाराला, असाच कायदा निघाला. हैदराबाद शहरातल्या आणि सरकार ठरवील त्या ठिकाणच्या हिजड्यांचं रजिस्टर, बाईच्या वेशावर बंदी, विनावॉरंट अटक. नवाब मुसलमान, साहेब ख्रिस्ती, मनू ब्राह्मण. पण या माणसांपुढं तिघांची अक्कल एकच.

गुन्हेगार जमाती कायदा देशभर रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. विमुक्तांचे मेळावे त्या तारखेला होतात. निजामाचा तो कायदा मात्र पुस्तकात तसाच पडून होता. तेलंगणा हायकोर्टानं तो घटनाबाह्य ठरवला जुलै २०२३ मध्ये. देशाला स्वातंत्र्य मिळून ७६ वर्षं व्हायला आली तेव्हा.

४

घरातून हाकललेलं पोर जातं कुठं? गुरूकडं. तिथं रीत होते, जमातीपुढं पदर डोक्यावर येतो, चेल्याला नवं नाव मिळतं. गुरू ही माय, गुरूची गुरू ही नानी, चेल्याचा चेला हा नाती. घराणी आहेत, प्रत्येकाचा इलाका बांधलेला आहे. भांडण झालं तर जमात बसते, दंड करते. हिंदू घरातलं, मुसलमान घरातलं, बौद्ध घरातलं, मांगाचं, बंजाऱ्याचं, सगळी पोरं एका चुलीवर जेवतात. म्हातारपणी गुरूचं गू-मूत चेलेच काढतात. आपल्या कितीतरी घरांत ते होत नाही.

पण सगळं गोडगोड सांगणार नाही. दंड आहे, कर्ज आहे, कमाईतला हिस्सा आहे. नव्या पिढीतल्या कितीतरी जणी यावर उघड बोलतात. आणि सगळ्यात मोठा फास 'आशीर्वादा'चा. लोक पैसे देतात ते शापाच्या भीतीपायी. आंधळ्या श्रद्धेवर पोट. तिकडं दक्षिण महाराष्ट्रात यल्लम्माच्या नावानं पोरांना जोगता करून सोडतात. १९३४ च्या मुंबई देवदासी कायद्यात वाहिलेल्या बाईचा विचार झाला, जोगत्याचा झाला नाही.

पोतराज, वाघ्या, मुरळी, जोगतीण ही सगळी आपल्याच वस्तीतली माणसं होती. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढलं आणि मुरळी सोडण्याबद्दल त्यात लिहिलं. जून १९३६ मध्ये मुंबईत बाबासाहेब पोतराज, मुरळ्या, देवदासी, जोगतिणींच्या सभेत बोलले, लाजिरवाणं जिणं सोडा असं रोखठोक सांगितलं. पण सांगायला ते त्यांच्यात गेले, हे विसरू नका. लांबून बांगड्या दाखवल्या नाहीत.

५

आपलीच काही मंडळी म्हणतात, हा घाणेरडा विषय आहे, चळवळीत कशाला? त्यांच्यासाठी एक गोष्ट. १९३४ साली 'समाजस्वास्थ्य'च्या र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला भरला. वाचकांनी लैंगिक गोष्टींबद्दल प्रश्न विचारले, त्यांना त्यांनी सरळ उत्तरं दिली, हा गुन्हा. त्यांची बाजू कोर्टात कोणी मांडली? बाबासाहेबांनी. खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण लैंगिक विषयावर लिहिणं म्हणजे अश्लील नव्हे ही बाजू त्यांनी धरली. ज्या विषयाची त्यांना लाज वाटली नाही त्याची आपल्याला का वाटावी?

धम्माचंही खरं तेच सांगतो. विनयपिटकात पंडकाला उपसंपदा देऊ नये असा नियम आहे. तो लपवण्यात अर्थ नाही. पण त्याच विनयात दुसरी एक नोंद आहे. एका भिक्खूच्या देहात स्त्रीचं चिन्ह प्रकट झालं. भगवंतापुढं प्रश्न आला. त्यांनी त्याला हाकललं नाही. तोच उपाध्याय, तीच उपसंपदा, तितकेच वर्षावास मोजून त्याला भिक्खुणींत राहायची परवानगी दिली. देह बदलला, माणसाची ज्येष्ठता कमी झाली नाही. दोन्ही नोंदी आपल्यापुढं आहेत. कोणती उचलायची ते बुद्धीनं ठरवा, कारण तपासून घ्या असंच तर तथागतांनी सांगितलं.

आणि १९७३ चा पँथरचा जाहीरनामा काढून पाहा. दलित कोण? त्यात अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, स्त्रिया आणि धर्माच्या नावानं पिळलेले सगळे आले. त्या व्याख्येच्या बाहेर ही माणसं राहतात असं कोण म्हणेल?

६

आता मुद्द्यावर येतो, कारण नुसत्या इतिहासानं पोट भरत नाही.

१५ एप्रिल २०१४. भीमजयंतीचा दुसरा दिवस. सुप्रीम कोर्टानं नालसा खटल्याचा निकाल दिला. बाबासाहेबांच्या घटनेतली १४, १५, १६, १९ आणि २१ ही कलमं लावून सांगितलं की तृतीयपंथी हे नागरिक आहेत, स्वतःची ओळख सांगायचा त्यांना हक्क आहे, आणि त्यांना सामाजिक-शैक्षणिक मागास मानून राखीव जागा द्या. त्यातच आपल्यासाठी गाठ आहे. २०११ च्या जनगणनेत स्त्री-पुरुष सोडून 'इतर' या रकान्यात देशात ४ लाख ८७ हजार ८०३ माणसं नोंदली गेली. त्यातली ७८ हजार ८११ अनुसूचित जातींची, म्हणजे दर सहात जवळपास एक. या माणसाला सरसकट इतर मागासवर्गात टाकलं तर त्याची अनुसूचित जातीची जागा जाते. म्हणजे ओळख घे आणि जात सोड, किंवा जात घे आणि ओळख लपव. जात काय साडी नेसल्यानं जाते का?

यावर उपाय समांतर आरक्षण. जसं महिलांना प्रत्येक प्रवर्गाच्या आत राखीव जागा आहेत तसं. अनुसूचित जातीतल्या तृतीयपंथीला अनुसूचित जातीच्या आत, आदिवासीला आदिवासीच्या आत. कर्नाटकानं २०२१ मध्ये सरकारी नोकरीत असं एक टक्का दिलं. तामिळनाडूत दलित तृतीयपंथी कार्यकर्त्या ग्रेस बानू याच मागणीसाठी लढत आल्या आहेत. ही मागणी आपल्या प्रत्येक निवेदनात आली पाहिजे. ती आपली स्वतःची मागणी आहे.

बदल होतोच आहे. २०१७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातल्या तरंगफळचे सरपंच म्हणून माउली कांबळे निवडून आले. जळगावच्या भादलीत अंजली पाटील यांचा महिला जागेवरचा अर्ज बाद केला, त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या, अर्ज मान्य करून घेतला आणि २०२१ मध्ये निवडून आल्या. दिशा पिंकी शेख कविता लिहितात आणि वंचितच्या प्रवक्त्या म्हणून व्यासपीठावरून बोलल्या. राज्याच्या पोलीस भरतीच्या अर्जात तृतीयपंथीयांचा रकाना आला तो २०२२ च्या डिसेंबरात हायकोर्टानं खडसावल्यावर.

मी मागच्या महिन्यात त्या स्टँडवर भेटलेल्या ताईच्या खोलीवर गेलो. माफी मागितली. तिनं चहा केला. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, रेणुकेचाही होता. मी काही बोललो नाही. मी पाहुणा होतो. तिनं पत्र्याच्या पेटीतून कागद काढले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं. जातीच्या दाखल्याला बापाचे कागद लागतात आणि बाप दारात उभा करत नाही.

"माहं एवढं काम करून द्या दादा," ती म्हणाली, "मंग तुमच्या मोर्चात घोषणा मी देतो. माहा आवाज मोठा आहे."

तिच्या बापाकडं दोनदा जाऊन आलो. तिसऱ्यांदा जायचं आहे. तुमच्या गावातही असा एक बाप असंल. त्याच्याकडं जा. आणि माइक हातात आला की तेवढा एक शब्द तोंडातून काढू नका.

जय भीम.