१२३४५६७८९८७६५४३२१

सतरा अंकी पूर्ण वर्गसंख्या. नऊ एकांनी बनलेल्या १११११११११ या संख्येचा वर्ग. भारतीय पद्धतीने ती १२,३४,५६,७८,९८,७६,५४,३२१ अशी लिहितात. ‘लीलावती’तल्या स्थाननामांप्रमाणे तिचा पहिला अंक ‘मध्य’ या स्थानी येतो. ‘परार्ध’ हे लगेच पुढचे घर. ‘चिमा काय कामाची’ जसे उलटसुलट सारखेच वाचले जाते, तशीच ही संख्याही.

तिचा डौल आला आहे हातचा न आल्यामुळे. शाळेतल्या रीतीने गुणाकार मांडला, की एकांच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकत जिन्यासारख्या रचल्या जातात. उजवीकडून पहिल्या रकान्यात १, दुसऱ्यात २ अशी बेरीज चढत मधल्या रकान्यात ९ होते आणि पुन्हा उतरत जाते. दहावा एक जोडला, की मधली बेरीज १० होते, हातचा डावीकडे सरकतो आणि वर्ग येतो १२३४५६७९००९८७६५४३२१. डाव्या चढणीवरचा आठ गायब! पाया दहाऐवजी सोळा घेतला, तर मात्र पंधरा एकांपर्यंत हातच्याची गरज पडत नाही.

अवयव पाडले तर ३चा चौथा घात, ३७चा वर्ग आणि ३,३३,६६७चा वर्ग मिळतो; एकूण विभाजक ४५.

अंकांची बेरीज ८१. या ८१ने मूळ संख्येला गुणले, तर ९९९९९९९९९चा वर्ग तयार होतो. त्या अठरा अंकी वर्गाचे मधोमध दोन भाग केले तर ९९९९९९९९८ आणि १ उरतात. त्यांची बेरीज पुन्हा ९९९९९९९९९. असा गुण असणाऱ्या संख्यांना ‘कापरेकर संख्या’ म्हणतात.

देवळालीचे शाळाशिक्षक दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांचा या संख्येशी याहून जवळचा संबंध आहे. दोन टोकांच्या भागांची बेरीज केल्यावर मधलाच अंक पुन्हा पुन्हा मिळावा, अशा संख्यांना त्यांनी ‘डेम्लो’ नाव दिले. उदाहरणार्थ २५५३ : दोन टोकांना २ आणि ३, मध्ये पाच. प्रस्तुत संख्येत मधला ९ बाजूला ठेवला, तर १२३४५६७८ + ८७६५४३२१ = ९९९९९९९९. डेम्लो हे जुन्या जी.आय.पी. रेल्वेवरच्या स्थानकाचे, म्हणजे आजच्या डोंबिवलीचे नाव. ही कल्पना तिथे सुचली म्हणून ते दिले.

या कुळातली धाकटी बहीण बरीच जुनी आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रहा’त १२३४५६५४३२१चे वर्णन ‘एकापासून सहापर्यंत, मग क्रमाने उतरत’ अशा आशयाने केले आहे. २,७९,९४,६८१ गुणिले ४४१ केल्यास हीच संख्या येते.

मोठ्या बहिणीला संगणकावर मात्र जागा अपुरी पडते. एक्सेलमध्ये पंधराच सार्थ अंक टिकत असल्याने, संख्या म्हणून टाकल्यास ती १२३४५६७८९८७६५४३०० अशी नोंदली जाते.